वीस सू कमी पडले

फ्रान्समधल्या नांतला लेकीकडे आलो की शनिवारची सकाळ माझी. तीन नंबरच्या ट्रामने व्हियार्मला उतरायचं. तिथल्या चौकात जुना बाजार भरतो. पितळी दिवे, काटे नसलेली घड्याळं, कुणाच्या तरी आजीचे लेसचे पडदे, आणि जमिनीवर केळ्यांच्या खोक्यांत पुस्तकं. विकणाऱ्याला खोक्यात काय आहे याची फारशी कल्पना नसते आणि फिकीर तर त्याहून नसते. घरं रिकामी करणारी माणसं ती. आजोबा गेले की आजोबांची खुर्ची एका बाजूला, पुस्तकं दुसऱ्या बाजूला. माझ्या वयाच्या माणसाने तिथे फार वेळ रेंगाळू नये खरं तर.

यंदा मे महिन्यात अशाच एका खोक्यात ‘जिल द रे’ दिसला. जॉर्ज बातयचं पुस्तक, १९६५ सालची पोव्हेर प्रकाशनाची प्रत. कण्यावर ऊन लागून रंग उडालेला. आठ युरो म्हणाला, मी सहा म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, आणि “हे तुम्हाला कशाला?” अशा अर्थाचं काहीतरी विचारलं. माझी फ्रेंच बाजारहाटापुरती. “घरी अजून दोन आहेत,” एवढंच म्हणालो. त्याने सहा घेतले. मला वाटतं घाबरूनच घेतले.

या जिल द रेची ओळख करून द्यायला हवी. जन्म १४०५ च्या आसपास, ल्वार नदीकाठच्या शांतोसे किल्ल्यात. ब्रिटनी, आंजू, प्वातू या तिन्ही प्रांतांत गावंच्या गावं मालकीची. १४२९ साली जोन ऑफ आर्कच्या बरोबरीने ऑर्लेआंच्या वेढ्यात लढला. त्याच जुलैत रँसला सातव्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला तेव्हा हा फ्रान्सचा मार्शल झाला, वय जेमतेम पंचवीस. आणि अकरा वर्षांनी, २६ ऑक्टोबर १४४० ला, याच नांत गावात लहान मुलांच्या खुनांसाठी त्याला फासावर चढवून खाली आग पेटवली. आरोपपत्रात मुलांचा आकडा १४० आहे. खरा आकडा कुणी मोजला नाही, कारण ती गरिबांची मुलं होती.

माझी पहिली प्रत मात्र इथली नव्हे. १९८७ साली बँकेच्या कामाने मुंबईला गेलो होतो, तेव्हा फाउंटनच्या फुटपाथवर मिळाली. जां बेनेदेत्ती नावाच्या लेखकाचं इंग्रजी चरित्र, मूळ प्रकाशन १९७१. जोन ऑफ आर्क आम्हाला शाळेत धड्याला होती, तिच्यासोबतचा कुणी सरदार आहे एवढं मलपृष्ठावर वाचून बारा रुपयांना घेतलं. साताऱ्याला परतताना गाडीत वाचायला काढलं आणि लोणंदच्या पुढे मिटून पिशवीत टाकलं. घरी आल्यावर आमची ही म्हणाली, “अहो, हे असलं कसलं घरात आणता?” ते पुस्तक मग बरीच वर्षं कपाटावर, दिवाळीच्या आकाशकंदिलाच्या खोक्यामागे होतं.

दुसरी प्रत लेकीने अमेरिकेतून मागवली, माझ्या साठीला. लेनर्ड वुल्फचं, १९८० सालचं. मी तिला सांगितलं होतं की व्हर्जिनिया वुल्फच्या नवऱ्याने यावरही लिहिलंय बघ. तो हा नव्हे. हा ट्रान्सिल्व्हेनियात जन्मलेला, ड्रॅक्युलाचा अभ्यासक; त्या दुसऱ्या वुल्फच्या स्पेलिंगात एक ओ जास्त आहे. प्रत एका सार्वजनिक वाचनालयातून बाद झालेली होती. आत तारखांचा कागद चिकटवलेला, त्यावर एकोणीस शिक्के. मी मोजले, सवयच आहे. एकोणीस जणांनी नेलं आणि एकोणीस जणांनी वेळेवर परत केलं, दंडाची एकही नोंद नाही.

जुन्या प्रतींची एक गंमत असते, ती नव्या पुस्तकाला येत नाही. पुस्तक टेबलावर उभं धरून हळूच सोडा. ते आपोआप कुठेतरी उघडतं. जिथे आधीच्या लोकांनी सगळ्यात जास्त वेळ काढला तिथे कणा मोडलेला असतो. वुल्फची प्रत उघडते ती कबुलीजबाबावर. २१ आणि २२ ऑक्टोबरला जिलने स्वतःच्या तोंडाने जे सांगितलं, ती पानं. कोपरे मळलेले, एका पानावर चहाचा किंवा कॉफीचा गोल. फाउंटनची प्रतही तिथेच उघडते. एकोणीस वाचक अमेरिकेतले आणि मुंबईतले न जाणो किती, सगळे एकाच पानावर थांबले. मी त्यांना नावं ठेवत नाही. मीही ती पानं एकदा वाचली आहेत. पुन्हा उघडली नाहीत आणि इथे त्यांतलं काही लिहिणार नाही.

मी या पुस्तकात अडकलो तो भलत्याच वाटेने, हिशेबाच्या. चौतीस वर्षं एका सहकारी बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅशच्या काउंटरवर आणि शेवटची कर्जवसुलीला. निवृत्तीनंतर आकाशकंदील काढताना ते बारा रुपयांचं पुस्तक खाली पडलं, आणि उघडलं ते नेमकं (मोडक्या कण्याच्या कृपेने नव्हे, उताणं पडलं म्हणून) कर्जाच्या प्रकरणावर. उभ्यानेच वाचत राहिलो. म्हटलं, अरे, हा तर आपल्या ओळखीचा माणूस आहे!

अशी खाती मी पाहिली आहेत. वाडवडिलांची इस्टेट अफाट, रोकड शून्य, आणि हात कायम सैल. याचे आजोबा जां द क्राँ, अत्यंत लबाड आणि व्यवहाराला पक्का म्हातारा, १४३२ ला वारला. मरताना स्वतःची तलवार आणि चिलखत त्याने थोरल्या जिलला न देता धाकट्या नातवाला, रनेला दिलं. आजोबांना कळलं होतं. त्यानंतर थोरल्याला लगाम घालणारं कुणी उरलं नाही. दोनशे घोडेस्वारांचा लवाजमा. स्वतःचं चॅपेल, त्यात गाणारी मुलं, पाद्री, आणि प्रवासात सोबत न्यायला बाजाच्या पेटीसारखा ऑर्गन, जो सहा माणसं उचलून न्यायची. आणि त्या चॅपेलला नाव काय दिलं? पवित्र निष्पापांचं, म्हणजे बायबलात हेरॉड राजाने मारलेल्या बाळांचं. असलं एखाद्या कादंबरीकाराने लिहिलं असतं तर मी पुस्तक मिटलं असतं.

सगळ्यात मोठं भगदाड पडलं ऑर्लेआंमध्ये. १४३४-३५ ला तिथे हा जवळपास वर्षभर मुक्काम ठोकून होता. सगळ्या खाणावळी याच्या माणसांनी भरलेल्या. वेढ्याच्या विजयावर प्रचंड मोठं नाटक, त्याचे कपडे, मंच, येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट खाणंपिणं. वारसांनी पुढे जो अर्ज लिहिला त्यात या एका मुक्कामाचा खर्च ८०,००० सोन्याचे एक्यू सांगितला आहे. वारसांचा अर्ज म्हणजे थोडं फुगवलेलंच असणार, कोर्टात कोण कमी सांगतं. पण पैसे उभे कसे केले हे वाचण्यासारखं आहे. एक एक गाव, एक एक किल्ला विकायला काढला, आणि व्यवहारात अट अशी की पुढे पैसे फेडले की मिळकत परत. आपल्याकडे याला मुदतखरेदी म्हणतात आणि मुदतखरेदीतली जमीन परत आलेली मी माझ्या नोकरीत दोनदाच पाहिली.

भाऊ आणि भाऊबंद शेवटी राजाकडे गेले. जुलै १४३५ ला राजाने फर्मान काढलं की जिल द रेशी कुणीही मिळकतीचा व्यवहार करू नये. गावोगावी दवंडी पिटली. आपल्या पेपरात नाही का येत, ‘तमाम लोकांस कळविण्यात येते की सदर मिळकतीबाबत कोणीही व्यवहार करू नये, केल्यास तो आमच्या अशिलावर बंधनकारक राहणार नाही’, अगदी तीच जाहीर नोटीस. फक्त ब्रिटनीत ती लागली नाही. ब्रिटनीचा ड्यूक जां पाचवा याने ती जाहीर करायलाच नकार दिला. कारण? घेणारा तोच होता. शांतोसेवर त्याचा कधीपासून डोळा होता.

याला पकडलं तेही मिळकतीपायीच. सेंत-एत्येन-द-मेर-मोर्त नावाचा किल्ला त्याने ड्यूकच्या खजिनदाराला, जोफ्रुआ ल फेरोंला विकला होता. मग मन फिरलं. १५ मे १४४० ला हत्यारबंद माणसं घेऊन तिथल्या चर्चमध्ये घुसला आणि खजिनदाराच्या भावाला, जो धर्मकार्यातला माणूस होता, चर्चमधून ओढत बाहेर नेलं. चर्चवर हात टाकला म्हटल्यावर नांतचा बिशप जां द मालेस्त्रुआ उठला. हा बिशप ड्यूकचा चान्सलर, म्हणजे मुख्य कारभारीही होता. त्याने गुपचूप चौकशी चालवली आणि त्या चौकशीत, जे आठ वर्षं गावोगाव कुजबुजत होतं, ते पहिल्यांदा कागदावर आलं. १५ सप्टेंबरला माशकूलच्या किल्ल्यात अटक. म्हणजे इतकी पोरं गेली तेव्हा कुणी दार ठोठावलं नाही. खरेदीखतावरून वाद झाला, तेव्हा ठोठावलं.

आणि याच कारणाने काही लोक म्हणतात की तो निर्दोष होता. मालमत्ता गिळायची म्हणून ड्यूक आणि बिशपने कुभांड रचलं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला सालोमों रेनाक नावाच्या विद्वानाने हे मांडलं. १९९२ मध्ये तर पॅरिसला एक अनौपचारिक न्यायालय बसवून पुन्हा खटला चालवला आणि निर्दोष सोडून दिलं. लेखक जिल्बेर प्रुतो हा त्यामागचा माणूस. वसुली अधिकारी म्हणून मला हा मुद्दा पहिल्यांदा फार पटला होता. ज्याचा फायदा त्याच्यावर संशय, हे आम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही. बेनेदेत्तीच्या प्रतीत समासात मीच १९९९ साली पेनने ‘ड्यूकचे हितसंबंध!!’ लिहून ठेवलंय. दोन उद्गारचिन्हं. आता लाज वाटते.

मत बदललं ते या मे महिन्यात, सहा युरोच्या प्रतीमुळे.

बातयच्या पुस्तकाचं मोल त्याच्या लांबलचक प्रस्तावनेत आहे असं लोक मानतात. मला विचाराल तर मोल मागच्या भागात आहे. तिथे खटल्याचे कागद दिले आहेत. धर्मकोर्टाचे लॅटिन कागद पिएर क्लोसोव्स्कीने फ्रेंचमध्ये आणले. ड्यूकच्या कोर्टाचे कागद मुळातच फ्रेंचमध्ये, आणि त्यांत आईबापांच्या जबान्या आहेत. व्हियार्मची प्रत टेबलावर सोडली तर ती कबुलीजबाबावर उघडत नाही. जबान्यांवर उघडते. आधीचा जो कुणी मालक होता (बाई असेल कदाचित, अक्षर बारीक आणि सरळ) त्याने त्या पानांवर पेन्सिलीने बेरजा-वजाबाक्या केल्या आहेत! शेजारी दुसरं काही नाही, ना उद्गारचिन्हं, ना ‘भयंकर’ वगैरे. नुसते आकडे. माझा शाखाबंधू भेटल्यासारखं झालं.

एका रविवारी लेक जेवणघरात घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती, नातू फुटबॉलला गेला होता. म्हटलं, हे एवढं एक पान वाचून दाखव, जिथे आकडे आहेत तिथलं. तिने हात पुसले. वाचता वाचता हसली, म्हणाली, “बाबा, हे तुमच्या कोर्टाच्या कागदासारखं आहे, प्रत्येक नावाआधी ‘लदी’.” लदी म्हणजे सदर. सदर पुआतू, सदर कोलँ, सदर मुलगा.

जबानी ला रोश-बेर्नार गावच्या पेरोन लोएसार नावाच्या बाईची. १४३८ चा सप्टेंबर. जिल द रे व्हानहून परतताना त्या गावात जां कोलँच्या घरी उतरला. त्याचा नोकर पुआतू या बाईकडे आला. तिचा दहा वर्षांचा मुलगा आमच्याकडे दे, शाळा शिकवू, त्याचं भलं होईल, असं गोड बोलला. आणि तुला झग्यासाठी शंभर सू देऊ. बाईने पोरगा दिला. मग पुआतू पैसे घेऊन आला ते चार लीव्र.

एका लीव्रचे वीस सू. शंभर सू म्हणजे पाच लीव्र. समासात बारीक पेन्सिलीने: ५ − ४ = १.

बाईने मोजले आणि तोंडावर सांगितलं, वीस सू कमी आहेत. तो म्हणाला, चारच कबूल केले होते. ती म्हणाली, मग तुम्ही शब्द पाळत नाही. तो म्हणाला, एवढ्याने काय होतं, तुला आणि पोराला अजून पुष्कळ मिळेल.

लेकीने इथे वाचन थांबवलं. “हिने पोराचे पैसे घेतले? आणि वर घासाघीस केली?”

मी म्हटलं, अगं, पोर विकलं नाही तिने. चांगल्या घरी, शाळेला पाठवलं. आपल्याकडेही माणसं पाठवायची की, पुण्याला वार लावून जेवायला. “तरी पण,” ती म्हणाली. आणि त्या ‘तरी पण’वर मला चटकन लक्षात आलं. तिला जे खटकलं ते त्या बाईलाही खटकलं असणारच. दोन वर्षांनी, पोरगा गेलेला असताना, कोर्टातल्या कारकुनासमोर उभं राहून ही बाई सांगते की मी वीस सूंसाठी भांडले. कशाला सांगेल? ड्यूकच्या माणसांनी पढवलेली साक्ष असती तर त्यात आई रडली असती, पाया पडली असती, पदर पसरला असता. पढवणारा माणूस आईच्या तोंडी वीस सू घालत नाही. चौतीस वर्षांत मी खोट्या सह्या, खोटे दाखले, खोटे अश्रू बरेच पाहिले. खोट्या कागदात स्वतःला कमीपणा आणणारा आकडा कधी सापडला नाही.

एकट्या या जबानीवरून निकाल द्या असं माझं म्हणणं नाही. आजूबाजूला तसल्या कितीतरी आहेत. माशकूलच्या एका केसाळ कातड्यांचं काम करणाऱ्याकडे शिकाऊ पोरगा होता. किल्ल्यातल्या दोन सरदारांनी निरोप पोचवायला जरा देतोस का म्हणून मागून नेला, तो गेलाच. एक चांभार सांगतो, सें-जां-दांजेलीला गेलो असता कुणीतरी विचारलं कुठला तू, म्हटलं माशकूलचा, तर तो माणूस चमकून म्हणाला, तिकडे म्हणे लहान पोरं खातात. ड्यूक लोभी होता हे खरं. लोभी माणसाच्या हाती खरी केसही लागू शकते, हे मला १९९९ ला सुचायला हवं होतं.

मागच्या उन्हाळ्यात नातवाला घेऊन तिफोजला गेलो होतो, जिलच्या किल्ल्याचे अवशेष पाहायला. पाटीवर निळ्या दाढीवाल्याचा किल्ला म्हणून लिहिलंय. शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाची ‘निळ्या दाढीवाला’ ही परीकथा १६९७ ची, त्यातला राक्षस आपल्या बायका मारतो. जिलला बायको एकच, कातरीन, आणि ती त्याच्या मागे राहून पुन्हा लग्न करून मोकळी झाली. पण इकडच्या लोकांनी दोघांना कधीच एक करून टाकलं. १८८६ च्या आबे बोसारच्या जाड चरित्राच्या तर नावातच ‘निळ्या दाढीवाला’ आहे. ती प्रत व्हियार्मलाच एकदा हातात घेतली होती, पानं कापलेलीसुद्धा नव्हती, म्हणजे सव्वाशे वर्षं कुणी वाचलीच नव्हती. किंमत ऐकून ठेवून दिली. तिफोजला हल्ली दगड फेकणारी जुनी युद्धयंत्रं चालवून दाखवतात, पोरं लाकडी तलवारी घेऊन धावत असतात. नातवानेही एक घ्यायला लावली. मी घेऊन दिली. काय सांगणार त्याला.

तर ती जबानी. लेकीला म्हटलं, पुरी कर.

दुसऱ्या दिवशी जिल द रे घराबाहेर पडला तेव्हा पेरोन दाराशी उभी होती. पोराला सांभाळा म्हणून तिने विनवलं. तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. पुआतूकडे वळून म्हणाला, चांगलं निवडलंस. मुलाला बसायला एक लहानसं तट्टू घेतलं, त्याच कोलँकडून, साठ सूंना. कोलँच्या घरच्यांनीही कोर्टात तेच सांगितलं, म्हणजे या एंट्रीला दोन सह्या आहेत. पेन्सिलवाल्याने समासात ८० लिहिलं आहे, खाली ६०, आणि रेघ मारली आहे. रेघेखाली बेरीज केलेली नाही.

दोन-तीन महिन्यांनी ती मंडळी पुन्हा गावात आली. पोरगा दिसेना. विचारलं तर कुणी म्हणे तिफोजला आहे, कुणी म्हणे नांतच्या पुलावरून जाताना वाऱ्याने नदीत पडला. तट्टू मात्र आलं होतं. तिने ते ओळखलं. त्याच्यावर दुसरंच कुणी बसलं होतं.

लेकीने शेंगांची परात पुढे ओढली. पुस्तक मिटायला गेली तर ते मिटेना, तिथेच उघडं राहिलं.